कवेलूवर फेकायचं राहिलं

“तुमचं जे आहे, ते आज आम्ही तुमच्या हाती परत देत आहोत,” हे वाक्य वेरोनिकानं सकाळपासून अकराव्यांदा म्हटलं आणि मागच्या पडवीत आईचं सूप थांबलं. थांबलं म्हणजे कसं, तर वर उडालेले तांदूळ खाली आले, सुपात पडले, आणि पुन्हा उडालेच नाहीत. वेरोनिकाच्या ते एरवी लक्षातही आलं नसतं, कारण तिचं सगळं ध्यान खिळ्याला टांगलेल्या हातभर आरशात होतं. ‘तुमचं जे आहे’ नंतर श्वास घ्यायचा की ‘आज’ नंतर, हा त्या घटकेला जगातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. ‘आज’ नंतर थांबलं की वाक्य कसं एकदम छाती काढून उभं राहायचं. पण सुपाचा आवाज ती जन्मल्यापासून ऐकत आलेली. तो तिच्या बोलण्याखाली सारखा वाजत होता, आणि तो गेल्याबरोबर तिला आपलंच बोलणं रिकाम्या वर्गात बोलल्यासारखं ऐकू आलं.

“वेरू,” आई तिकडून म्हणाली, “ते वाक्य नको म्हणू वं.”

“काहून?”

“ते त्याइचं नाही.”

“काय नाही त्याइचं?”

“डबीत जे हाये ते.” सूप बाजूला ठेवल्याचा आवाज आला. “त्यात आपली लुशी हाये.”

लुशी म्हणजे वेरोनिकाची मोठी बहीण. मोठी म्हणायची, पण ती सहा वर्षांची असताना गेली आणि तिच्यानंतर तीन वर्षांनी वेरोनिका झाली, त्यामुळे सोळा वर्षांच्या वेरोनिकाला तिला ताई म्हणावं की पोरगी म्हणावं हे कधी कळलं नव्हतं. आणि डबी म्हणजे संताची डबी. चांदीची, मोठ्या पानाच्या डब्याएवढी, वर क्रूस असलेली. गिरजात वेदीच्या डाव्या अंगाला कोनाड्यात ती असायची आणि तिच्यात संत थोमाच्या बोटाचं हाड होतं. हे सगळ्या बालाघाटला ठाऊक होतं. ती डबी मुळात या गिरजाची नव्हती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते आता-आता मोठ्यानं बोललं जाऊ लागलं होतं. मलबाराहून भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कारकुनीला आलेली दहा-बारा सीरियन ख्रिस्ती घरं होती. तेव्हा त्यांच्यापाशी ना गिरजा ना पाद्री, म्हणून ती कॅथलिकांच्या गिरजात येत आणि त्यांनी डबी इथे ठेवली. मग प्रार्थना कुणाच्या पद्धतीनं करायची यावरून वाजलं. ती माणसं निघाली तेव्हा त्या वेळचे गोरे पाद्री डबी द्यायला तयार झाले नाहीत. ‘हिसकावून घेतली’ असं वेरोनिकानं भाषणाच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. फादर सलढाणांनी ते खोडून वर बारीक अक्षरात ‘सांभाळून ठेवली’ असं लिहिलं. तेहतीस वर्षं सांभाळून ठेवली. तेहतीस वर्षं भरवेलीचे सीरियन आणि बालाघाटचे कॅथलिक एकमेकांच्या लग्नात जेवले नाहीत, आणि प्रेतयात्रा समोरून आली तर रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं गेले. आता रोमला मोठी सभा होऊन गेली होती, वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी एकमेकांचं नेलेलं परत करावं असं वारं सुटलं होतं, आणि एकोणसत्तरच्या जानेवारीतल्या ऐक्याच्या आठवड्यात, आज, दहा वाजता, डबी परत जाणार होती. भाषण मलयाळीत त्यांचा माणूस करणार, हिंदीत फादर, आणि मराठीत वेरोनिका. कारण अर्धी म्हातारी मंडळी गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेली, ती अजून मराठीतच देवाला हाक मारायची.

वेरोनिका पडवीत गेली. आई भिंतीला टेकून बसली होती. कमरेला गिरजाच्या किल्ल्यांचा जुडगा. तिला गावात कुणी मैनाबाई म्हणत नसे, कुंजीवाली म्हणत. जुडगा झोपतानाही ती उशाशी ठेवायची.

“अठरा वर्स झाले,” आई म्हणाली. ती वेरोनिकाकडे बघत नव्हती, सुपातले खडे निवडत असल्यासारखी बोटं फिरवत होती. “सणाचं मी डबी घासून राह्यली होती. चिंच आन् राखेनं. मागचं झाकन हातात आलं. आत सुटं हाडूक होतं.”

“मंग? ते तं असणारच नं, आई. संताचं.”

“मले कोनी सांगतलं होतं का? सगळे म्हनत संत हाये, संत हाये. मले वाटे फोटो असंन, नाही तं चिठ्ठी. आन् पाहते तं अस्थी. मानसाच्या.” आईचा आवाज जरा चढला, जणू अठरा वर्षांनीही तिला त्याचा राग येत होता. “एवढे लोक येतेत, मुका घेतेत, मेनबत्त्या लावतेत. पन कोन्या बिचाऱ्याच्या अस्थी हायेत, कवाच्या अडकून पडल्या हायेत, नदीवर नेऊन त्याले मोकळं करावं, असं एकाच्याही मनात नाही आलं?”

वेरोनिकाला पुढचं कळलं. ती उंबरठ्यावर बसली.

“तू नदीत सोडलं?”

“बेस्तरवारी. वैनगंगेत. पदरात नेलं. तीळ-तांदूळ सोडून, नीट. पाया पडली. म्हटलं, जा बापा, कोनाचा कोन होता तू, आता जा.”

पहिल्यांदा तिला हसूच आलं. खरंखुरं, पोटातून, आवरता न येणारं. ज्या बोटानं ख्रिस्ताची जखम चाचपून पाहिल्याशिवाय थोमानं विश्वास ठेवला नव्हता ते बोट, आणि आईनं त्याला ‘जा बापा’ म्हणून वाटेला लावलेलं! भूगोलात तिला नव्वद मार्क होते. वैनगंगा प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला, गोदावरी समुद्राला, आणि समुद्र वळसा घालून मलबारच्या किनाऱ्याला लागतो, म्हणजे बोट आपलं आपण केव्हाच घरी पोचलं असेल, ना समारंभ ना भाषण. हे तिला इतकं झकास सुचलं की ते मोठ्यानं म्हणायला तिनं तोंड उघडलं. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड तसंच मिटलं. लग्नानंतर दोन वर्षांनी डोक्यावर पाणी घेऊन मैना ख्रिस्ती झाली, तेव्हा तिला क्रूस कसा करायचा ते शिकवलं, ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना शिकवली, शुक्रवारी मटण खायचं नाही हे शिकवलं. मेलेल्या माणसाचं हाड डबीत घालून ठेवतात आणि ते न सोडणं हाच मान असतो, हे कुणी शिकवलं नाही. शिकवायचं असतं हेच कुणाला सुचलं नसेल. आणि तिला सासूच्या अस्थी तेवढ्या माहीत होत्या, मातीच्या गाडग्यात, नदीपर्यंत चालत.

“आन् लुशी?”

“डबी हलकी झाली नं मंग. वाजेना. जुने पाद्री कधी कधी कानाशी हलवून पाहत.” आईनं जुडगा मांडीवर ओढला. “माह्यापाशी दात होता.”

दाताची गोष्ट वेरोनिकाला अर्धी माहीत होती. तेव्हा ते भरवेलीला राहत, बाबा पुनाराम खाणीत होते, आणि घरावर टीन, म्हणजे पत्रे होते. लुशीचा पुढचा दुधाचा दात पडला. दात कवेलूवर, मातीच्या कौलांवर, फेकायचा असतो, म्हणजे तो तिथे कवेलूंच्या फटीत बसून राहतो आणि नवा येतो. टिनावर फेकला तर खडखडत घसरून पुन्हा अंगणात येतो, आणि मग काही खरं नाही. म्हणून आईनं तो फडक्यात बांधून ठेवला, की खैरलांजीला मामाच्या घरी जाऊ तेव्हा तिथल्या कवेलूवर फेकू. त्याच आठवड्यात ताप आला. लुशीला बालाघाटच्या कब्रस्तानात पुरलं. लाकडाचा क्रूस दोन पावसाळ्यांत वाळवीनं खाल्ला, माती बसली, आणि तिथल्या लहान लहान उंचवट्यांतला लुशीचा कोणता हे नंतर कुणालाच सांगता येईना. हे एवढं माहीत होतं. दात राहिला होता हे माहीत नव्हतं. तो डबीत सुटाच ठेवून आईनं बांगडीवाल्याकडून आणलेल्या लाखेनं झाकण चिकटवलं, आणि लाल लाख पाहून नंतर आलेल्या प्रत्येक फादरला ती जुनी मोहरच वाटली.

दर गुरुवारी आई कोनाड्यापुढे उभी राहायची. कपाळ भिंतीला, ओठ हलताहेत. वेरोनिका लहानपणी बाकाखाली खेळत असायची, आणि एकदा, सात वर्षांची असेल, तिनं आईला स्पष्ट म्हणताना ऐकलं होतं, “आज वेरूनं तुही फ्रॉक फाडली पाय.” तेव्हापासून कितीतरी वर्षं ती संत थोमाला घाबरून होती. आई त्याच्याकडे आपल्या चहाड्या करते, अशी तिची खात्री होती. आणि संताला फ्रॉक असते याचंही तिला काही नवल वाटलं नव्हतं, पाद्र्यांना असतेच. भातात खडा लागला, तिमाही परीक्षेत गणितात काठावर आली, शेजारच्या रुख्माबाईच्या कोंबडीला दगड मारला, सगळं गुरुवारी तिकडे पोचायचं. आणि ते सगळं लुशीकडे पोचत होतं. सोळा वर्षं घरात आपण एकटीच पोरगी आहोत असं समजून ती हातपाय पसरून राहिली, आणि आई दर आठवड्याला दुसरीला जाऊन सांगत होती, आज धाकटीनं काय काय केलं.  मत्सर करावा तर कुणाचा, एका दाताचा?

“वेरू,” आई म्हणाली. आता ती सरळ तिच्याकडे बघत होती. “तुह्यं तं सगळे आयकतेत. तू बोलशीन तं फादर दात काढून देईन का वं? बाकी डबी नेऊ दे त्याइले. मले काय करायची चांदी.”

तुह्यं तं सगळे आयकतेत! हे काही खोटं नव्हतं. गेल्या दसऱ्यापर्यंत वेरोनिका वर्गात हजेरीला असं ‘उपस्थित’ म्हणायची की बाई दोनदा विचारायच्या. मग जिल्ह्याच्या वादविवादात ऐन वेळी कुणी आजारी पडलं म्हणून हिला ढकलून उभं केलं, आणि उभी राहिल्यावर कुठून कोण जाणे, एक लांबरुंद, गोल, घासूनपुसून लख्ख केलेला आवाज तिच्यातून बाहेर पडला आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसला. ढाल मिळाली. त्यानंतर जग कसं मऊ होत गेलं. गल्लीतला नळ दोन महिने बंद होता, तर ही नगरपालिकेत जाऊन बोलून आली आणि तिसऱ्या दिवशी पाणी. गोंदियाच्या छोट्या गाडीतून तिकीटबाबू गल्लीतल्या दुर्गाबाईला टोपलीसकट उतरवत होता, तर ही अशी काही बोलली की त्यानंच टोपली वर ठेवायला हात लावला. तिला वाटू लागलं होतं की जगात अडलेलं जे जे काही आहे ते कुणी नीट बोललं नाही म्हणून अडलेलं आहे. “देईन,” ती आईला म्हणाली. “पाहतेच मी. तू चहा ठेव.” आणि शाल लपेटून निघाली.

अंगणातून गिरजाच्या बाजूनं फादरच्या बंगल्याकडे पन्नासच पावलं होती. धुकं अजून उठलं नव्हतं, कडुनिंबाखाली सतरंज्या अंथरायला माणसं आली होती, आणि दुलीचंद मंडपवाला खांबाला झेंडूच्या माळा गुंडाळत ओरडला, “क्यों मास्टरनी, भाषण पक्का हो गया?” तिनं मान हलवली. पन्नास पावलांत वाक्य तयार करायचं होतं. ‘फादर, डबीत थोडी आमचीही एक वस्तू आहे.’ थोडी आमचीही! मग फादर विचारणार, कशी आली? डबी उघडली होती का? कुणी? आणि हाड कुठे आहे? प्रत्येक वाक्य ती मनात उभं करी आणि ते दोन पावलं चालून त्याच जागी येऊन बसे. दात सांगायचा तर नदी सांगावी लागते. नदी सांगितली की डबीत परत देण्यासारखं काहीच उरत नाही, समारंभ उरत नाही, कमरेचा जुडगा उरत नाही, आणि जुडग्याबरोबर मिळालेल्या या दोन खोल्याही. आणि सांगितलं नाही तर लुशी जाते. तिनं दुसऱ्या बाजूनं जाऊन पाहिलं: काही न बोलता दात हळूच काढून घेतला तर? तर डबी रिकामी, आणि रिकामी डबी वाजत नाही. हे एखाद्या वादविवादासारखं नव्हतंच. तिथे निदान विरुद्ध बाजू असते.

“अरे, वेरोनिका! गला ठीक है? ठंडा पानी मत पीना आज,” फादर सलढाणा दारातच म्हणाले. अर्ध्या दाढीला साबण होता. म्हाताऱ्या माणसाला इतकं आनंदात तिनं कधी पाहिलं नव्हतं. लग्नघरातल्या वरबापासारखे ते या खोलीतून त्या खोलीत जात होते. टेबलावर डबी होती. तिच्याभोवती उभी-आडवी पांढरी रेशमी फीत बांधलेली आणि गाठीवर नवी, रुपयाएवढी तांबडी मोहर. “देखो, बिशप साहब की मुहर. कल शाम को आदमी लेकर आया. अब इसको कोई हाथ नहीं लगा सकता, मैं भी नहीं.”

“फादर, एक बात पूछूँ?”

“दो पूछो.”

“इसमें... इसमें है क्या?”

फादर हसले. “विश्वास है. और थोड़ी-सी हड्डी.” मग त्यांना काही आठवलं, आणि ते साबणासकट खुर्चीवर बसले. “तुम्हें मालूम है, इस क्रिसमस को भरवेली से कुरियन बाबू आए थे? दरवाज़े पर खड़े रहे. टोपी हाथ में. तैंतीस साल बाद. बोले, फादर, मैं अंदर आ सकता हूँ? सत्तर साल का आदमी, वेरोनिका, गिरजे के दरवाज़े पर पूछता है, अंदर आ सकता हूँ.” त्यांनी पंचानं डोळे पुसले, साबणही पुसला गेला. “मैंने उस दिन सोचा, ये डिब्बी मेरे हाथ से वापस जाए, फिर भगवान मुझे कभी भी बुला ले.”

सांगायचं सगळं तयार होतं. आवाजही तिथेच होता, तो काही गेला नव्हता. लख्ख, गोल, हुकमी. पण त्याला जायला वाटच नव्हती. ज्या बाजूनं पाठवावा तिथे कुणीतरी उभं होतं: दारात टोपी हातात घेऊन एक म्हातारा, इथे अर्ध्या दाढीचा दुसरा, तिकडे भिंतीला टेकलेली आई. यांच्यातलं कुणीही वाईट असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“फादर, वो एक वाक्य बदल दूँ? तुमचं जे आहे, वाला?”

“अरे नहीं! वही तो सबसे अच्छा है,” फादर म्हणाले.

ती परत आली तेव्हा आईनं चहा ठेवला होता, आणि चहावर साय धरेपर्यंत दोघींपैकी कुणीच कप उचलला नाही. आईनं विचारलं नाही. तिला पावलांवरूनच कळलं असावं. ती उठली, ट्रंकेतून वेरोनिकाचा पांढरा पोशाख काढला, तिला पुढ्यात बसवून दोन वेण्या घातल्या आणि निळ्या फिती अशा आवळून बांधल्या की भुवया वर ओढल्या गेल्या. “सांगतलं का?” एवढंही नाही. विचारलं असतं तर वेरोनिका रडली असती, आणि रडली असती तर निदान घसा बसला असता.

साडेनऊला भरवेलीची माणसं आली. खाणीच्या ट्रकमधून आली, पांढरी लुंगीसारखी मुंडू, पांढऱ्या साड्या, आणि प्रत्येकाच्या काठाला खालून दोन बोटं मँगनीजची काळी धूळ. अंगणात ती एका बाजूला उभी राहिली, ही मंडळी दुसऱ्या बाजूला, मध्ये सतरंजी. मग रुख्माबाई, जिच्या कोंबडीला वेरोनिकानं दगड मारला होता ती, सतरंजी ओलांडून पलीकडे गेली आणि एका मलयाळी म्हातारीला म्हणाली, “उभ्या काहून राह्यल्या, बसा न माय.” तिला ते कळलं नाही, पण ती बसली, आणि मग सगळेच हसत, सरकत बसले. तेहतीस वर्षं एवढ्यानं सुटली. वेरोनिकाला हे फार फार सुंदर वाटलं आणि त्याच वेळी कुणीतरी आपल्याला मागून धरून ठेवल्यासारखंही.

मलयाळी झालं, हिंदी झालं. तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि आवाज आपणहून बाहेर आला. तिला वाटलं होतं तो फाटेल, कापेल. तिनं त्याच्याकडून मनातल्या मनात तेवढी मदतही मागितली होती. नाही. तो इतका चांगला कधीच लागला नव्हता. म्हातारी मंडळी माना डोलावू लागली. ‘सांभाळून ठेवली’ आलं आणि गेलं. तिनं आईला शोधलं. ती शेवटच्या खांबाशी उभी होती, एक हात जुडग्यावर, किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरलेल्या. “तुमचं जे आहे, ते आज,” वेरोनिका म्हणाली, आणि जिथे श्वास घ्यायचा ठरला होता तिथे तिनं बरोबर श्वास घेतला. त्या एका श्वासात अंगण अगदी चूप होतं. त्या चूपमध्ये अजून काहीही म्हणता आलं असतं. कडुनिंबावर एक खार होती. पुढच्या रांगेत कुरियनबाबू तळवे उताणे मांडीवर ठेवून बसले होते, काहीतरी झेलायचं असल्यासारखे. “आम्ही तुमच्या हाती परत देत आहोत,” ती म्हणाली, आणि लोक रडले.

मग फादर सलढाणांच्या मनात आलं ते त्यांना त्या क्षणीच सुचलं असणार, कारण कार्यक्रमाच्या कागदावर ते नव्हतं. डबी वेदीवरून आणून त्यांनी कुरियनबाबूंच्या दिशेनं दोन पावलं टाकली, थांबले, आणि मागे बघून मोठ्यानं म्हणाले, “नहीं. मैं क्यों? अठारह-बीस साल जिसने इसको पोंछा, दिया लगाया, वही दे. मैनाबाई! कहाँ है हमारी कुंजीवाली? आओ, इधर आओ!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुखराम पेटीवाल्यानं सूर धरला. आई खांबापासून निघाली. तिला यायला फार वेळ लागला, किल्ल्या आता मुठीतून सुटल्या होत्या आणि प्रत्येक पावलाला वाजत होत्या, आणि वेरोनिका माईकपाशी उभी होती, माईक चालू होता, तोंडासमोर होता, सगळं गाव ऐकायला बसलेलं होतं.

आईनं डबी घेतली. बाकीचे सगळे तिचा मुका घ्यायचे, आईनं तो घेतला नाही. पदराच्या टोकानं वरचा क्रूस पुसला, मुलाचं तोंड पुसून शाळेत पाठवतात तसा, आणि दोन्ही हातांनी पुढे केली. कुरियनबाबूंनी धरली. आईनं सोडली नाही. एक, दोन, तीन. दोघंही धरून उभी. कुरियनबाबूंचा चेहरा विरघळला. त्यांना ती भक्ती वाटली. “अम्मा,” ते अगदी हळू म्हणाले, “मैं संभालूँगा. आप जैसा ही संभालूँगा.” तेव्हा तिची बोटं निघाली.

आणि त्या म्हाताऱ्यानं डबी उजव्या कानाशी नेली, त्या कानानं त्याला अजून ऐकू यायचं, आणि हलकेच हलवली. आत बारीकसा खुळखुळ झाला. वेरोनिकाला तो तिथून ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी आला. “वही है,” कुरियनबाबू म्हणाले. गालांवरून पाणी वाहत होतं. “मैं पाँच बरस का था, अप्पन मेरे कान पर लगाता था. वही आवाज़ है!” आई त्यांच्याकडे बघत राहिली. तोंडावर दुःख नव्हतं, निदान दुःख म्हणून ओळखू येईल असं नव्हतं. पोरगी दिल्यावर पाहुण्यांकडच्या कुणी म्हणावं, अगदी आईवर गेली आहे, आणि त्यावर काय बोलावं ते कळू नये, तशी ती बघत होती.

जेवणं झाली, एका पंगतीत झाली. ट्रक गेला. फादर उभ्या-उभ्याच झोपेला आले होते, त्यांना आत नेलं. दुपारी गिरजा धुऊन काढायचा होता. वेरोनिका बादली घेऊन गेली तेव्हा आई झेंडूच्या पाकळ्या झाडत होती, शांतपणे, रोजच्यासारखी. कोनाड्यात मेणबत्तीच्या काजळीत डबीएवढा एक स्वच्छ चौकोन राहिला होता. तो पुसायचा का, हे वेरोनिकाला कळेना, तिनं बादली त्याच्याखाली ठेवली. तिला वाटलं आई आता चिडेल, म्हणेल, तू बोलली काहून नाही. त्याची ती वाटच पाहत होती.

“वेरू,” आई म्हणाली. झाडू चालूच होता. “तू गेलती नं फादरसंगं भरवेलीले, मागच्या आठवड्यात?”

“हौ.”

“त्याइच्या गिरजावर काय हाये? कवेलू का टीन?”

खिळे मारलेलं, कडांना गंजलेलं, वर काळी धूळ बसलेलं टीन होतं ते. वारा आला की एक पत्रा सुटून आपटायचा, आणि फादर तिच्याशी बोलताना दोनदा दचकले होते. खाणीच्या गोदामासारखा तो त्यांनी मागाहून बांधलेला गिरजा तिला समोर उभा असल्यासारखा स्वच्छ दिसला, आणि आईची वाकलेली पाठ दिसली, आणि नळ दिसला, ढाल दिसली, टोपली वर ठेवणारा तिकीटबाबू दिसला.

“कवेलू,” वेरोनिका म्हणाली. “नवेच हायेत. लाल.”

“मंग बरं,” आई म्हणाली.

आवाज छान लागला होता. ‘कवेलू’ नंतर तिनं बरोबर श्वास घेतला होता. गिरजा रिकामा होता, आणि शेवटच्या बाकावर कुणी बसलेलं असतं तर त्यालाही अगदी स्वच्छ ऐकू गेलं असतं.